सितीचा आवाज

संपादकांचे पत्र आले तेव्हा पाडवा होऊन आठवडाच लोटला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'बातमीतली बाई' असा ठरला असून त्यातील आफ्रिकेची बाजू आपण स्वतः जाऊन पाहून यावी, इतकाच मजकूर त्यात होता. प्रवासखर्चाचा उल्लेख, दिवाळी अंकांच्या जुन्या शिरस्त्यास अनुसरून, नव्हता. विषय वाचताच मला प्रथम आठवला तो माझाच एक अपराध. एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत मी बावीस वर्षे उपसंपादकी केली, आणि त्या अवधीत दुष्काळाच्या, टंचाईच्या, मतदानाच्या छायाचित्रांखाली 'पाण्यासाठी वणवण करणाऱ्या ग्रामीण महिला' या साच्यातल्या ओळी किती वेळा लिहिल्या असतील याची गणती नाही; त्याच छायाचित्राच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मामलेदारांचे नाव, आडनाव आणि हुद्दा बिनचूक पडावा म्हणून मात्र मी जिल्ह्याच्या वार्ताहराला ट्रंक कॉल लावीत असे. हंडा घेतलेल्या बाईलाही नाव असते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ते विचारण्याचा प्रघात नव्हता, एवढेच.

आता आफ्रिका म्हणजे ५४ देश, आणि त्या सगळ्यांतल्या बायकांविषयी एका बैठकीत मत देऊ पाहणारा मनुष्य एक तर परराष्ट्र खात्यातला असला पाहिजे किंवा भोळा. मी एकच देश निवडला, टांझानिया. आणि तोही एका ग्रामोफोनच्या तबकडीमुळे निवडला. १९२८ साली झांझिबारची एक गाणारी बाई आगबोटीने मुंबईस आली, तिथे तिचे गाणे तबकडीत भरले गेले, आणि साठ वर्षांनी तिच्या देशातल्या वार्ताहर बायकांनी स्वतःचे नियतकालिक काढले तेव्हा त्याला तिचेच नाव दिले, ही हकीकत मी कुठेतरी वाचली होती. तेवढा धागा हातात धरून निघाले.

हबारी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, 'मसिका' म्हणजे मोठा पाऊस सरून दक्षिणेचा 'कुसी' वारा स्थिरावला असता, मी दारेसलामला उतरले. स्वाहिलीत 'हबारी' म्हणजे बातमी, आणि वाटेत भेटलेल्या माणसाला क्षेमकुशल विचारायचे तेही याच शब्दाने. अरबी 'खबर' आमच्याकडे फारसीच्या वाटेने येऊन दप्तरात बसली; त्यांच्याकडे ती गलबतांतून उतरून थेट ओसरीवर गेली. इतर काही शब्दांनी मात्र माझी पुरती फजिती केली. 'डालाडाला' नावाच्या कोंबून भरलेल्या बसमध्ये वाहक एका विशीतल्या मुलीला 'दादा, दादा' म्हणून पुढे सरकवीत होता, आणि ती त्याला उलट 'काका' म्हणत होती. दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे थोरला भाऊ, हा उलगडा मला संध्याकाळी झाला. माझ्या पिकल्या केसांकडे पाहून शाळकरी मुले 'शिकामू' म्हणत. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. त्यावर मोठ्या माणसाने 'मराहाबा' म्हणून आशीर्वाद द्यायचा असतो. तो मी पहिले दोन दिवस दिला नाही, आणि मुले तशीच ताटकळत उभी राहिली.

या सर्व गोष्टी मला समजावून सांगितल्या त्या एका बाईंनी, ज्यांनी नभोवाणीवर तीस वर्षे बातमीदारी केली आहे. त्यांचे नाव येथे द्यावे असा माझा आग्रह होता आणि देऊ नये असा त्यांचा. ज्या लेखाचा सगळा रोख बाईच्या नावावर आहे त्याच लेखात मुख्य साक्षीदार निनावी राहावी, यातला विनोद त्यांना माझ्याआधी उमगला आणि त्या मनमुराद हसल्या. मी त्यांना सोबतीण म्हणेन.

सोबतिणीने पहिल्याच सकाळी मला कारियाकोच्या बाजारात नेले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी उभारलेल्या हमालपलटणीचे, म्हणजे 'कॅरिअर कोअर'चे, नाव स्वाहिली जिभेवर घासून गुळगुळीत झाले की कारियाको होते. तिथे फुटपाथवर वृत्तपत्रे मांडलेली असतात: 'म्वानांची', 'निपाशे', 'हबारीलेओ', 'डेली न्यूज', आणि त्यांच्याभोवती दहा-पंधरा माणसे कमरेत वाकून, विकत न घेता, मथळे वाचीत उभी असतात. वाकून वाचणारे हे सगळे पुरुष होते. बायका पलीकडे टोमॅटोचे ढीग रचीत होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीच्या पाटीखाली लहानसा रेडिओ त्याच वृत्तपत्रांचे मथळे वाचून दाखवीत होता. बातमी त्यांनाही मिळत होती, पण हात रिकामे न करता.

पहिल्या पानांवर बायका किती, आणि त्यांपैकी नाव छापलेल्या किती, हे मोजण्याची सोबतिणीला जुनी खोड आहे. मार्च २०२१ पासून सामिया सुलुहू हसन या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्याने हे मोजमाप बिघडले, अशी तिची तक्रार. कारण आता बाईचे चित्र पहिल्या पानावर रोजच असते, आणि राष्ट्राध्यक्षांना वजा केल्याखेरीज खरा हिशेब लागत नाही. त्यांना वजा केले की पुष्कळदा जे शिल्लक राहते ते 'उदाकु' पत्रांतले: कुचाळकीची ही स्वस्त पत्रे नट्या, गायिका आणि कुणाच्या तरी दुसऱ्या बायका यांवर चालतात, आणि तिथे मात्र बाईचे नाव ठळक अक्षरात, पत्त्यासकट असते.

गोमंतकातून आलेला फोटोवाला

दारेसलामहून झांझिबारला आगबोटीने दोन तास लागतात. स्टोन टाउनच्या बोळांत, जिथे दोन माणसे समोरासमोर आली की एकाला उंबऱ्यावर चढावे लागते, जुन्या छायाचित्रांच्या प्रती विकणारी दुकाने आहेत. त्यांतल्या पुष्कळ चित्रांच्या कडेला ए. सी. गोम्स हे नाव दिसते. हा गोम्स गोमंतकातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने इथे फोटोचे दुकान थाटले, सुलतानांची चित्रे काढली, आणि आगबोटींतून उतरणाऱ्या गोऱ्या प्रवाशांसाठी पोस्टकार्डेही काढली. रणछोड ओझा हा त्याच्याच दुकानात शिकलेला. त्याने १९३० साली काढलेला 'कॅपिटल आर्ट स्टुडिओ' हे या शहरातले नावाजलेले दुकान.

मी एक पोस्टकार्ड बराच वेळ हातात धरून उभी होते. दोन तरुण बायका, अंगावर ठसठशीत नक्षीचे 'कांगा' वस्त्र, मागे रंगवलेला पडदा. एकीने हात दुसरीच्या खांद्यावर ठेवला आहे, पण तो ठेवायला कुणीतरी सांगितले आहे हे तिच्या बोटांवरून दिसते, कारण बोटे टेकलेली नाहीत, अधांतरी आहेत. खाली इंग्रजीत जे छापले आहे त्याचा अर्थ 'स्वाहिली स्त्रिया' एवढाच. सुलतानाच्या चित्राखाली त्याचे पूर्ण नाव व बिरुदे असतात. दोन्ही मथळे बहुधा एकाच हातचे, आणि तो हात आपल्या कोकणपट्टीतला. मामलेदार आणि हंडेवाल्या बाया यांच्यात मी पुढे जो भेद केला तोच हा. माझा समज होता की तो मी वृत्तपत्राच्या घाईत केला.

मजा अशी की त्या बायकांच्या अंगावरच्या वस्त्राला वाचा असते. कांग्यावर किनारीच्या आत एक ओळ छापलेली असते, तिला 'जिना' म्हणजे नावच म्हणतात. तिच्यात म्हण असते, टोमणा असतो, सवतीला दिलेला इशारा असतो. बाजारात शेजारणीला तोंडावर जे बोलता येत नाही ते पाठीवर पांघरून तिच्यासमोरून जाता येते. पोस्टकार्ड पाहणाऱ्या साहेबाला बाई मुकी दिसली, आणि त्याच वेळी गावातल्या बायका एकमेकींच्या पाठी वाचीत होत्या.

तबकडी

सिती बिंती साद हिचा जन्म १८८० च्या सुमारास झांझिबारच्या नैर्ऋत्येस फुंबा या गावी झाला. आईबापांच्या मागे गुलामीचा इतिहास होता, आणि मुलीचे नाव ठेवले गेले 'म्तुम्वा', म्हणजे गुलाम. झांझिबारात गुलामीची कायदेशीर अखेर १८९७ साली झाली. कायदा बदलला म्हणून नावे बदलत नाहीत. मातीची मडकी डोक्यावर घेऊन ती गावोगाव विकीत असे, आणि मडकी विकायला जी हाळी द्यावी लागते तिच्यातच तिचा गळा लोकांच्या कानी पडला, असे सांगतात. १९११ च्या सुमारास ती शहरात आली. दगडी वाड्यांच्या शहरात नव्हे, तर खाडीपलीकडच्या 'न्गाम्बो'त. न्गाम्बो म्हणजे पलीकडचा काठ. मुक्त झालेले गुलाम, मजूर, कोळी यांची ही वस्ती. मधली खाडी पुढे बुजवली गेली, पण जिथे पूल होता त्या जागेला आजही दाराजानी, म्हणजे पुलाशी, असेच म्हणतात.

दरबारी 'तआराब' गायन तोवर अरबीत चाले. सितीने ते स्वाहिलीत आणले. प्रतिस्पर्ध्यांनी तिला रूप नाही, कुळ नाही म्हणून हिणवले. ती दरबारात गायली आणि न्गाम्बोतही गायली, आणि 'सिती', म्हणजे बाईसाहेब, हे नाव तिला मिळाले. १९२८ साली तिला व तिच्या वाद्यवृंदाला ध्वनिमुद्रणासाठी मुंबईस पाठविण्यात आले. कुत्रा आणि कर्ण्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्यांवर आपल्या आजोबांनी नाट्यपदे ऐकली, त्याच कंपनीच्या तबकडीवर हा आवाज उमटला. स्वाहिलीतल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रिकांत त्या तबकड्यांची गणना होते. त्या बोटीने परत गेल्या आणि पूर्व किनाऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानांतून वाजू लागल्या. जिला अक्षरओळख नव्हती तिचे म्हणणे बंदराबंदरांत पोचले.

ती गात काय होती, हे पाहिले म्हणजे नियतकालिकाला तिचे नाव का दिले ते कळते. तिच्या 'किजिती' या गाण्यामागे घडलेली घटना आहे. दारेसलामहून आलेली एक बाई मैत्रिणींकडे उतरली. रात्री नाचगाण्याला म्हणून मंडळी गावाबाहेर गेली, दारूही नेली. किजिती नावाच्या इसमाने त्या बाईवर अत्याचार करून तिचा खून केला आणि तो समुद्र ओलांडून पसार झाला. ज्या मैत्रिणी फिर्याद घेऊन न्यायासनापुढे उभ्या राहिल्या त्यांनाच शिक्षा झाली, कारण दारू बेकायदा आणली होती. कोर्टाच्या दप्तरात या प्रकरणाची जी नोंद झाली असेल ती इंग्रज अंमलदाराच्या शब्दांत. मैत्रिणींची बाजू राहिली ती सितीच्या गाण्यात, नावानिशी. ज्याला आपण आज न्यायालयीन वार्तापत्र म्हणू ते हेच. फरक इतकाच की वार्ताहर फिर्यादींच्या शेजारी, त्याच वस्तीत राहत होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावरून जायचे होते. सिती १९५० साली वारली. तिची जीवनकथा स्वाहिलीचे थोर लेखक शाबान रॉबर्ट यांनी लिहून ठेवली.

सौती या सिती

'सौती' म्हणजे आवाज. 'सौती या सिती' हे नियतकालिक १९८८ साली निघाले; काढले ते 'टामवा' या संस्थेने, म्हणजे टांझानियातील वार्ताहर स्त्रियांच्या संघटनेने, जी आदल्याच वर्षी डझनभर बायकांनी स्थापन केली होती. सोबतीण सांगते की या गोष्टीची खरी सुरुवात त्याआधीची. १९७९ च्या सुमारास काही तरुण वार्ताहर मुलींनी शाळकरी मुलींच्या गरोदरपणाविषयी नभोवाणीवर कार्यक्रम करायचे मनावर घेतले, काही दिवस केले, आणि मग तो गट विरून गेला. ध्वनिमुद्रणयंत्र वेळेवर मिळेना, गाडी मिळेना, घरी मुले आजारी. मोठ्या चळवळी दडपशाहीने मरतात असे आपण लिहितो. पुष्कळशा पेट्रोलअभावी मरतात. विषय मात्र मेला नाही. २०१७ साली तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी जाहीर सभेत सांगितले की गरोदर राहिलेली मुलगी पुन्हा शाळेत येणार नाही, आणि ती बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये उठली. १९७९ च्या ध्वनिफिती तशाच्या तशा लावल्या असत्या तरी चालले असते, असे सोबतीण म्हणाली.

टामवाची पहिली मोठी कसोटी १९९० साली लागली, आणि तीही, विलक्षण गोष्ट, एका वृत्तपत्रापायीच. फक्त ते वृत्तपत्र भिंतीवर होते. दारेसलाम विद्यापीठाच्या टेकडीवर 'म्झे पंच' नावाचे निनावी भित्तिपत्र चाले. 'म्झे' म्हणजे वडीलधारा. आरंभी ते अधिकाऱ्यांची टवाळी करी, म्हणून विद्यार्थ्यांना प्रिय होते. हळूहळू त्याचा मोर्चा विद्यार्थिनींकडे वळला. जी मुलगी एखाद्याला नकार देई तिचे बीभत्स चित्र भिंतीवर लागे, आणि तिच्याशी कुणी बोलू नये, भोजनगृहात तिच्याजवळ बसू नये असा फतवा निघे. इतर मुलीही, आपली पाळी येऊ नये म्हणून, तो पाळीत. फेब्रुवारी १९९० मध्ये या छळाला कंटाळून एका विद्यार्थिनीने आपले जीवन संपविले. टांझानियात तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मी ते येथे लिहीत नाही, कारण ते तिने दिलेले नव्हे, तिच्यावरून घेतलेले नाव आहे.

टामवाने हे प्रकरण लावून धरले. यातली अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. म्झे पंच हे सत्तेला न भिणारे, विनापरवाना, मुक्त पत्र होते. वार्ताहरांनी त्याच्याविरुद्ध उभे राहावे म्हणजे लेखनस्वातंत्र्याच्या विरुद्ध उभे राहावे की काय, हा प्रश्न सरळ नाही. मला विचाराल तर, लेखक निनावी आणि जिच्याविषयी लिहिले ती नावानिशी, असे जिथे असते तिथे स्वातंत्र्य एकट्या लेखकाचेच असते. पुढे त्या भित्तिपत्रावर बंदी आली. अत्याचारग्रस्त बायकांसाठी टामवाने सल्लाकेंद्रही चालविले. नियतकालिक आणि फिर्याद ऐकण्याची खोली यांचे असे एका घरात नांदणे मी इतरत्र पाहिलेले नाही. बातमी लिहून झाली की आपले काम संपले, ही सोय त्यामुळे त्या बायकांना उरली नाही.

त्यांची आणखी एक युक्ती मला फार आवडली. त्या तिला 'बँग' म्हणतात. एकच विषय घ्यायचा. निरनिराळ्या पत्रांतल्या, नभोवाणीतल्या वार्ताहरांना एकत्र बोलावून तो समजावून द्यायचा. त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत धाडायचे. आणि मग सगळ्यांनी आपापला मजकूर एकाच सुमारास छापायचा. एकटीदुकटीची बातमी संपादकाच्या टोपलीत जाते. पण समोरच्या पत्रात तोच विषय उद्या येणार आहे असे कळले की तोच संपादक पहिल्या पानावर जागा शोधू लागतो. स्पर्धेची भीती बायकांनी आपल्या कामाला जुंपली. १९९८ साली लैंगिक गुन्ह्यांविषयीचा जो कडक कायदा झाला, ज्यात बलात्काराला किमान तीस वर्षांची सजा आहे, त्यामागे या खटपटीचा मोठा हात होता. सजा वाढली म्हणून फिर्यादी बोलू लागल्या की नाही, हे विचारल्यावर सोबतिणीने खांदे उडविले आणि किजितीची आठवण दिली.

वार्तालयाच्या आत

बाहेरच्या बाईची बातमी कशी येते हे पाहायचे तर आतल्या बाईचे कसे चालते ते पाहावे लागते. पुष्कळसे वार्ताहर पगारी नसतात, बातमीगणिक पैसे मिळवितात. पैसे छापून आलेल्या मजकुराचे, आलेल्या खर्चाचे नव्हेत. म्हणून दूरच्या खेड्यात दोन दिवस घालवून बाईची हकीकत आणण्यापेक्षा हॉटेलातल्या परिसंवादाला जाणे परवडते, कारण तिथे भोजन असते आणि निघताना आयोजक 'नौली', म्हणजे प्रवासभाडे, 'बहाशा'त, म्हणजे पाकिटात, घालून देतात. परिसंवादात बोलतात ते सचिव, संचालक, प्राध्यापक, बहुशः पुरुष. बातमीत बाई का नाही या प्रश्नाचे निम्मे उत्तर या पाकिटात आहे, आणि त्यात कुणाचा स्त्रीद्वेष असण्याची गरजच नाही.

उरलेल्या निम्म्यात मात्र आहे. नव्या मुलीला आरोग्य, शाळा, पाककृती. राजकारण पुरुषाला, कारण संसदेचे अधिवेशन दोदोमाला असते आणि रात्री उशिरापर्यंत खासदारांच्या बैठकीत बसावे लागते. आणि एक शब्द सोबतिणीने आवाज खाली आणून सांगितला: 'रुश्वा या न्गोनो'. रुश्वा म्हणजे आपली रुशवत. पैशाऐवजी देहाने मागितलेली लाच. उमेदवारी करणाऱ्या मुलीची बातमी छापायची असेल, तिचे नाव मजकुरावर पडायचे असेल, तर त्याची किंमत कुणीतरी मागतो. तिनेही एका संपादकाचे टेबल सोडले ते याचसाठी, आणि तिचे नाव या लेखात नाही तेही याचसाठी. तो इसम अजून हयात आहे आणि समारंभांत भाषणे करतो.

असे असूनही याच शहरात १९७० साली एका बाईने मुख्य इंग्रजी दैनिक चालविले होते, हे आज फारसे कुणी सांगत नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या सरकारने 'द स्टँडर्ड' पत्र ताब्यात घेतले आणि दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या, पारशी घराण्यातल्या फ्रीन जिनवाला यांना व्यवस्थापकीय संपादक नेमले. सुदानमधील फाशींवर लिहिलेल्या एका अग्रलेखापायी १९७१ साली त्यांना जावे लागले. पुढे १९९४ मध्ये त्या स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेच्या संसदेच्या सभापती झाल्या. पत्रकार म्हणून जो अग्रलेख पचला नाही तो लिहिणारी बाई सभागृहाला शिस्त लावायला चालली, हा न्याय मला पूर्वीपासून गमतीचा वाटत आला आहे.

मोजणीचा दिवस

या सगळ्याचे मोजमाप घेणारी एक जागतिक मोजणी आहे. १९९५ पासून दर पाच वर्षांनी एक दिवस ठरतो. त्या दिवशी देशोदेशींचे स्वयंसेवक आपापली वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी समोर घेऊन बसतात आणि बातमीत आलेले प्रत्येक माणूस टिपतात: बाई की पुरुष, बोलली की नुसती दिसली, तज्ज्ञ म्हणून आली की पीडित म्हणून. पहिल्या मोजणीत ७१ देश होते आणि बायका शंभरांत १७ भरल्या. २०२० साली ११६ देशांत त्या २५ झाल्या. पाव शतकात आठ. याच धर्तीवर आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या बारा देशांची पाहणी २००३ साली जोहान्सबर्गच्या 'जेंडर लिंक्स' व दुसऱ्या एका संस्थेने मिळून प्रसिद्ध केली. टांझानिया तीत होता. उद्धृत केलेल्या आवाजांत बायका एकूण पाहणीतही १७ टक्केच. पण त्या पाहणीतला मला विसरता न आलेला निष्कर्ष आकड्याचा नाही. ज्या भूमिकांत बायकांचे म्हणणे पुरुषांहून जास्त ऐकले गेले अशा मोजक्याच निघाल्या: सौंदर्यस्पर्धक, वेश्या आणि गृहिणी.

कातरलेली कड

टांझानियाच्या वायव्येस युगांडा. तिथल्या कंपालाची व्हनेसा नकाते ही हवामानबदलाविषयी काम करणारी तरुणी जानेवारी २०२० मध्ये दाव्होसला गेली होती. तिथे पाच मुलींनी मिळून वार्ताहर परिषद घेतली, एकत्र छायाचित्र काढले. चार युरोपातल्या, पाचवी नकाते, डाव्या कडेला उभी. असोसिएटेड प्रेसने ते चित्र प्रसृत केले तेव्हा कड कातरलेली होती आणि चित्रात चौघी होत्या. मागची इमारत विचलित करीत होती म्हणून रचनेसाठी कात्री चालविली, असा पहिला खुलासा झाला. बोभाटा झाल्यावर संस्थेच्या कार्यकारी संपादिकेने क्षमा मागितली आणि पूर्ण चित्र दिले. त्याच सुमारास रॉयटर्सने नकातेच्या चित्राखाली झांबियाच्या दुसऱ्याच एका कार्यकर्तीचे नाव घातले. एकीने चित्र ठेवले नाही, दुसरीने नाव ठेवले नाही.

इमारतीचा तो खुलासा खोटा असेल असे मला वाटत नाही, आणि तीच त्यातली वाईट गोष्ट. कात्री चालविणाऱ्या हाताला माझ्यासारखी बावीस वर्षांची सवय असेल. दोन स्तंभांत चित्र बसेना, की जिचा चेहरा वाचकाला ओळखीचा नाही तिच्या बाजूने कापायचे, हा धडा कुणी शिकवीत नाही, आपोआप येतो. नकातेने पुढच्या वर्षी आत्मकथन लिहिले त्याचे नाव 'ए बिगर पिक्चर' ठेवले.

फुंबा

शेवटच्या दिवशी आम्ही फुंब्याला गेलो. वाटेवर नव्या वसाहतीच्या पांढऱ्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्या ओलांडल्या की एकाएकी नारळ, केळी, प्रवाळाच्या दगडांची कुसे आणि ओहोटीला सुकत घातलेले समुद्रशेवाळ. एका झावळ्यांच्या छपराखाली म्हातारी कसावा सोलीत बसली होती. सोबतिणीने वाकून 'शिकामू बीबी' म्हटले. मी पन्नाशी मागे टाकली त्यालाही वीस वर्षे झाली, तरी तिच्यापुढे मीही म्हटले. आपल्याकडे बीबी म्हणजे बायको, इथे आजी. सोबतिणीने यंत्र बाहेर काढले, पण सुरू करण्याआधी तिचे नाव विचारले, वडिलांचे विचारले, आणि ते नभोवाणीवर सांगितले तर चालेल का तेही विचारले. याला चार मिनिटे लागली. वार्तालयात चार मिनिटे म्हणजे पुष्कळ असतात.

मग तिच्या नातवाने आपल्या फोनवर मुंबईत भरलेले ते गाणे लावले. सुईची खरखर, मग उद, मग तो जरा नाकातून येणारा, न डगमगणारा आवाज. म्हातारीने सोलणे थांबविले नाही, पण सुरी गाण्याच्या तालावर चालू लागली. मी माझी पुस्तकी माहिती दाखवावी म्हणून सोबतिणीकरवी विचारले की म्तुम्वा बिंती साद याच गावात नेमकी कुठे राहत होती.

म्हातारीने सुरी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सिती."

मग तिने पुढचे मूळ उचलले.